पेटलेल्या पायांचं माप

आधीच सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझी ही कवळी आत्ता, या क्षणी, तुमच्या डोळ्यांदेखत चहाच्या कपात पडू दे. पडली? नाही ना? मग गुपचूप ऐका.

माझ्या सासरी बुटांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे कारखाना आणि वर आम्ही. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, कातड्याचा आणि सरसाचा वास, आणि भिंतभर फळ्यांवर ओळीनं मांडलेले लाकडी पाय. ज्याचा बूट करायचा त्याच्या पायाचा आधी लाकडी साचा करायचा, मग त्या साच्यावर कातडं ताणून बसवायचं. घरातल्या प्रत्येकाच्या पायांचा जोड त्या फळीवर होता. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, आधी माझं माप घेतलं आणि मग 'प्रवास कसा झाला' म्हणून विचारलं.

मामंजी माणसं तोंडावरून ओळखायचेच नाहीत. चष्मा कायम कपाळावर आणि नजर जमिनीवर. रस्त्यात कोणी हाक मारली की खाली बघून म्हणायचे, "अरे, तुम्ही होय! डावी टाच अजून घासता का?" एकदा आमच्या सगळ्यांचा फोटो काढला. तो हातात धरून कितीतरी वेळ बघत बसले आणि म्हणाले, "फोटो चांगलाय, पण पाय कापलेत. आता यातलं कोण कोण आहे ते कळणार कसं?"

त्यांचे कायदे दोनच. एक, पाय कधी चुकत नाही, चुकतो तो बूट. आणि दुसरा, दुकानात उभं राहायचं ते लेस बांधलेल्या, चकचकीत, बंद बुटात. "अनवाणी माणसानं बूट विकणं," असं म्हणायचे, "म्हणजे टकल्यानं केसांचं तेल विकणं."

आमचे हे स्वभावानं गरीब. बापापुढे तोंड उघडायचं ते फक्त जांभई द्यायला, आणि तीसुद्धा हात लावून. पण हाताला अशी जादू की कातडं स्वतःहून वळायचं. दुकान पुढे यांच्याकडेच येणार, असं सगळेच धरून चालले होते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला एक विचित्र गोष्ट दिसली. संध्याकाळी दुकान आवरून हे वर यायचे, बूट भिरकावायचे आणि जमिनीवर पाठ टेकून दोन्ही तळपाय भिंतीला लावून पडायचे. मी नवी. मला वाटलं, या घरात अशीच पद्धत असेल. म्हणून मीही शेजारी आडवी झाले आणि पाय भिंतीला लावले. तेवढ्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण, दुकानाच्या गल्ल्यावर बसायची. जिभेला धार अशी की कारखान्यातल्या सुऱ्या लाजाव्यात.

"काय गं वहिनी," त्या म्हणाल्या, "भिंत पाडताय का दोघं?"

तेव्हा यांनी सांगितलं. "आग होते. निखाऱ्यावर उभं केल्यासारखं वाटतं. जरा चाललं, जरा ऊन लागलं, बूट घातले की झालंच सुरू."

मी पायाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पाय लालबुंद, सुजलेले, चकाकणारे. आणि गरम म्हणजे किती गरम? शेजारची मांजर पिल्लं घेऊन आमच्याकडे राहायला आली ती यांच्या पायांपाशी. वन्सं ओले हातरुमाल वाळत घालायला बाल्कनीत जायच्या बंद झाल्या. एकदा हे दुकानात खालच्या फळीजवळ जरा वेळ टेकले, तर पॉलिशच्या डब्यांचं सूप झालं. गिऱ्हाईक आलं, त्यानं डबी उघडली आणि चमचा मागितला. हसू नका. कवळी जागेवर आहे.

आणि सकाळी बघावं तर पाय कसे? गोरे, गार, गरीब बिचारे. जसं काही घडलंच नाही.

मामंजींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कायदा क्रमांक एक काढला. "बूट चुकला." फळीवरून यांचा लाकडी साचा उतरवला आणि नवा जोड केला, मऊ कातड्याचा. आग वाढली. मग फलालीनचं अस्तर लावून केला. आग आणखी वाढली. शेवटी त्यांनी आपली सगळी कला पणाला लावून एक जोड केला, आत मेंढीची लोकर, घोट्यापर्यंत बंद, चारी बाजूंनी उबदार. इतका सुंदर बूट मी जन्मात पाहिला नाही. आमच्या ह्यांनी तो घातला, दुकानात फेरी मारली, आणि मग काय झालं ते कळायच्या आत दुकानातून पळत सुटले.

कुठे गेले? कोपऱ्यावर मासळीवाली बसायची, तिच्या बर्फाच्या पेटीत. बूट हातात आणि पाय सुरमईत.

मासळीवाली ओरडली, "अहो बूटवाले, पाय काढा! मासे शिजले तर मी विकू काय, रस्सा?"

तेव्हापासून हे दर संध्याकाळी तिच्याकडे जायचे. तिनंही दया म्हणून एक वेगळी बादली ठेवली. बर्फात पाय घातले की यांचा जीव परत यायचा. पण बाहेर काढले की दुप्पट आग, म्हणून पुन्हा आत. करता करता कातडी सोलायला लागली, बोटांवर फोड आले. ते फोड मी पाहिले, पण हे म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. बर्फाशिवाय मी दिवस काढू शकत नाही."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते तपासायचे सकाळी. सकाळी पाय कसे, ते सांगितलंच. फोड बघून म्हणाले, "बूट चावला असेल," आणि बाकी पाय उलटेसुलटे करून म्हणाले, "माझ्या पायांपेक्षा चांगलेत हे. ताकदीचं औषध देतो." ताकदीच्या औषधानं यांची भूक वाढली. बाकी काही नाही.

मग लोक बोलायला लागले. सोंग आहे. कामचुकारपणा आहे. एक चुलत दीर होते माझे, बोलायला इतके गुळगुळीत की आम्ही त्यांना 'पॉलिश' म्हणायचो. ते रोज येऊन मामंजींच्या कानाशी लागायचे, "काका, माझे पाय बघा, सकाळपासून उभा आहे, काही होतं का?"

एक दिवस मामंजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "शाळा सुरू व्हायची गर्दी तोंडावर आलीय. वर्षाची सगळी कमाई त्या गर्दीत. त्या गर्दीत जो बूट घालून दिवसभर उभा राहील, दुकान त्याचं. माझा मुलगा असो नाहीतर पुतण्या."

हे खाली मान घालून "बरं बाबा" म्हणाले. वर आल्यावर मी म्हटलं, "अहो, काय बरं? कसलं बरं?"

"दुसरं काय म्हणू?"

"म्हणा की दुखतंय!"

"सांगितलं की. तीन जोड बूट मिळाले."

तेही खरंच होतं.

वन्संनीच मग वाट काढली. त्यांच्या गल्ल्यावर जगभरच्या बातम्या येत. "मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीण आलीय, कातडीची," त्या म्हणाल्या. "कोणाचं काही विचित्र असलं की तिला आनंद होतो म्हणे. तिच्याकडे ने."

"पण वन्सं, तिथे जाईपर्यंत पाय गार होणार. मग तीही ताकदीचं औषध देणार."

वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. आणि दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. मेंढीचा बूट!

इस्पितळात लिफ्ट होती. डॉक्टरीण बसायची सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी यांना लिफ्टपासून ओढून जिन्याकडे नेलं आणि पायात तो लोकरीचा बूट चढवला.

"अगं, मला मारतेस का?"

"चला. तुमचे पाय साक्षीदार आहेत. साक्षीदाराला गप्प बसवून कोर्टात नेतात का?"

हे एकेक पायरी चढत होते आणि एकेक पायरीला मला माहेरासकट शिव्या देत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते, म्हणून मी मुद्दाम जरा हळू चढले. वर पोचलो तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आमची पाळी आली, बूट काढला, आणि पाय असे बाहेर आले, जसे भट्टीतून काढलेत. खोली लाल झाली हो! आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरची मेणबत्ती... बरं, मेणबत्ती नव्हती. पण असती तर वितळली असती.

डॉक्टरीण तरुण होती, केस आखूड, हसू मोठं. तिनं हाताची मागची बाजू पायाला लावली, मग घोट्याच्या वर लावली, मग दुसऱ्या पायाला. चेहरा असा खुलला की वाटलं, पेढे वाटेल आता.

"किती दिवसांपासून? उष्णतेनं वाढतं? पाय वर घेतले की बरं वाटतं?"

हे प्रत्येकाला हो म्हणत गेले. ती मनातलं वाचतेय असं वाटून त्यांनी बचाव म्हणून हातसुद्धा खिशात घातले.

"याला एरिथ्रोमेलाल्जिया म्हणतात," ती म्हणाली.

"नाव घेता घेताच पाय गार होतील," मी म्हटलं.

ती हसली, मग सावकाश समजावलं. पायातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्या जोडीच्या नसा, यांचं आपसातलं गणित चुकतं. जरा ऊब मिळाली की रक्त तिथे धावत येतं आणि नसा आग लागल्यासारखी ओरड करतात. फार थोड्या लोकांना होतं, म्हणून चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. कधी कधी रक्ताच्या दुसऱ्या आजाराची ती खूण असते, म्हणून रक्त तपासायला हवं. आणि मग यांच्याकडे रोखून बघत म्हणाली, "हे सोंग नाही. तुम्हाला कोणी सोंग म्हटलं असेल तर त्यांना माझ्याकडे पाठवा."

हे रडले. खरंच रडले. दुखतं म्हणून इतके दिवस रडले नव्हते ते, खरं मानलं म्हणून रडले.

मग तिला फोड दिसले. "हे काय?"

मी म्हटलं, "मासळी."

सगळं ऐकल्यावर तिचं हसू गेलं. बर्फ बंद, आजपासून बंद. बर्फानं घटकाभर बरं वाटतं पण कातडी मरते, जखमा होतात, मग पाय वाचवायची पाळी येते. पंखा लावा, पाय उशीवर उंच ठेवा, साधं गार पाणी थोडा वेळ चालेल, पण बुडवून बसायचं नाही. उन्हात, भट्टीपाशी, बंद खोलीत फार वेळ नको. उघड्या चपला, सैल आणि सुती कपडे. गोळ्या देते, एक लागू पडली नाही तर दुसरी बघू, धीर धरा. पूर्ण बरं होईल असं खोटं सांगणार नाही, पण आवरता येईल.

"आणि बंद बूट," ती म्हणाली, "अजिबात नाहीत. दिवसभर बंद बुटात उभे राहिलात तर या फोडांच्या जखमा होतील. काम काय करता तुम्ही?"

"बूट विकतो," हे म्हणाले.

रक्त साफ निघालं, देवाची कृपा. पहिल्या गोळीनं काही झालं नाही, दुसरीनं पोट बिघडलं, तिसरी बसली. आगीचे झटके कमी झाले. मासळीवालीला मात्र वाईट वाटलं. तिची सवय झाली होती यांची.

पण मामंजींना सांगायचं कोणी? हे म्हणाले, "नको. शाळेची गर्दी संपेपर्यंत बूट घालतो, दुकान हातात येऊ दे, मग बघू."

"आणि जखमा झाल्या तर?"

"तर झाल्या. बापाच्या दुकानात बापाच्या बुटात उभं राहता आलं नाही, असं कोणी म्हणायला नको."

असा हट्टी झाला माणूस एकदम! जिन्यात तोंड उघडलं ते हेच बोलायला की काय, असं झालं मला. वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबांना जाऊन सांगितलंस तर ते चौथा जोड करतील. त्यांना कानानं काही कळत नाही, वहिनी. त्यांना फक्त हातानं कळतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं.

गर्दीचा दिवस उजाडला. सकाळपासून दुकानात मुलं, आया, बाप, रडारड, खोके, लेस. भिंतीलगत लांब बाक, त्यावर सगळे ओळीनं बसलेले, उजवा पाय पुढे करून. मामंजी आपल्या बुटक्या स्टुलावर, एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे सरकत सरकत चाललेले. चष्मा कपाळावर, वर न बघता, पाय हातात घेऊन बोलायचे, "सहा, रुंद. पुढचा. चार, अंगठ्याला जागा ठेवा. पुढचा." एका दारात हे उभे, बंद बुटात. दुसऱ्या दारात पॉलिश उभे, चमकत.

दुपारपर्यंत यांचा चेहरा पांढरा पडला. ओठ दाबून धरलेले. मी हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि बूट उतरवले. मोज्यावर रक्ताचा डाग.

"झालं तेवढं पुरे," मी म्हटलं. "आता मी सांगते तसं करा. बाकाच्या टोकाला जाऊन बसा."

"अनवाणी? दुकानात?"

"वर्तमानपत्र वाचत बसा."

"काय छापलंय त्यात?"

"काही असो! तोंड झाका म्हणजे झालं!"

बाकाच्या टोकाला एक भरभक्कम बाई बसल्या होत्या, त्यांच्या पलीकडे यांना बसवलं. तोंडापुढे वर्तमानपत्र, उजवा पाय पुढे. पाय पेटलेला, लाल, सुजलेला. वन्संनी गल्ल्यावरून पाहिलं आणि मोड मोजता मोजता थांबल्या. मी कपाटाआड उभी.

मामंजी सरकत आले. "तीन, अरुंद. पुढचा." भरभक्कम बाईंचा पाय घेतला. "सात. बाईसाहेब, तुम्ही स्वतःला सहा समजता, ते विसरा. पुढचा."

आणि यांच्या पायाला हात लावला.

हात झटकन मागे. मग पुन्हा लावला. तळव्याला, घोट्याला, बोटांना. दुकानातला आवाज चालूच होता, पण मला काही ऐकू येईना. मामंजींच्या कपाळाला आठ्या पडल्या, चष्मा हलला.

"हा पाय बुटात घालायचा नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "हा पाय भाजतोय. फोड आलेत. यात बूट घातला तर पाप लागेल. कुठल्या गाढवानं याला बूट घालायला लावले?"

बाई आपला पाय उचलून घेऊन बघायला लागल्या, आपल्याला म्हटलं की काय.

वन्सं गल्ल्यावरून म्हणाल्या, "बाबा, त्या गाढवाच्या कपाळावर चष्मा आहे."

मामंजींनी चष्मा खाली ओढला. वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. बाप आणि मुलगा एकमेकांकडे बघत राहिले. सगळ्या गावाचे पाय हातानं ओळखणारा माणूस, आणि मुलाचा पाय हातात घेऊन ओळखला नाही त्यानं! कसा ओळखणार? त्या पायाला हात लावून किती वर्षं झाली होती! मुलगा मोठा झाला तेव्हा एकदा साचा केला, आणि पुढचे सगळे जोड त्या लाकडावर बेतले. लाकडाला थोडीच आग होते.

मामंजींनी तो पाय पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "पाय चुकला नाही रे. बूटही चुकला नाही. मीच चुकलो."

आणि स्टुलावरून उठून सरळ जमिनीवर बसले, खिशातली फीत काढली, आणि सगळी गर्दी ताटकळत असताना त्यांनी यांच्या पेटलेल्या पायाचं माप घेतलं. सुजलेल्या पायाचं. खरं माप. पॉलिश पुढे होऊन म्हणाले, "काका, गिऱ्हाईकं..." तर मामंजी मान वर न करता म्हणाले, "तू बघ. तुझे पाय चांगलेत ना?"

त्या दिवसापासून हे दुकानात उंच खुर्चीवर बसायला लागले, पाय स्टुलावर, पुढे पंखा, पायात मामंजींनीच केलेल्या दोन पट्ट्यांच्या उघड्या चपला. किल्ल्या यांच्या कमरेला. पॉलिश पुढे टोप्यांच्या दुकानात लागले, तिथे पायांचा प्रश्नच येत नाही. यांचा जुना लाकडी साचा वन्संनी मागचं दार उघडं राहावं म्हणून खाली लावला, तेव्हा वारा यायला लागला. आग जन्मभर राहिली, पण आम्ही तिच्या वेळा ओळखल्या, तिच्या खोड्या ओळखल्या. आणि मामंजी! ते येईल त्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे, "लाखात एखाद्याला होतो हा आजार. आमच्याकडे साधंसुधं काही होतच नाही."

झालं. संपली गोष्ट. सगळी खरी...

थांबा. कवळी हलली.

बरं बाबा, सांगते. मांजर खरी. मासळी खरी. पॉलिशच्या डब्यांचं सूप, त्याला मी स्वतः हात लावलाय. डॉक्टरीणही खरी आणि मेंढीचा बूटही खरा. पण मामंजी 'मीच चुकलो' म्हणाले ना, तेवढं मी घातलं. ते तसं म्हणाले नाहीत. त्या माणसाला ते वाक्य यायचंच नाही. जमिनीवर बसून माप घेताना, मुलाचा पाय मांडीवर धरून, ते एवढंच म्हणाले, "पंखा जरा इकडे फिरवा रे कोणीतरी."

बघा, बसली घट्ट. आता माझा चहा द्या.